पाठकोरा कागद

लोक चढाई बघतात.
मी पाय बघतो,
तेही बचावाचे, तेही उजव्या कोपऱ्यातले.
उदगीरच्या कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सामन्याच्या दिवशी शटर अर्धं खाली
आणि खिशात बिघडलेल्या प्रतींचे पाठकोरे कागद.
त्यांच्यावर मी पकडी मांडतो:
उभी रेघ म्हणजे जमली,
आडवी म्हणजे सुटली,
टिंब म्हणजे धीर धरला, हात घातलाच नाही.
टिंबं कुणी मोजत नाही.
मला तीच महाग वाटतात.

अफरोज पटेल, उजवा कोपरा.
हॉल तिकिटावरचा फोटो अंधूक,
पण घोट्यावर हात पडला की कुलूप.
शेजारी सुमेध सोनकांबळे, कव्हर.
उंच, जरासा वाकलेला,
दारात थांबून आत येऊ का विचारणाऱ्या पोरासारखा.
अफरोजनं पाय धरायचा, मग सुमेधनं जायचं.
मग. आधी नाही.
सर बाहेरून ओरडतात, पुढं घुसा, पुढं घुसा!
मला विचारलं असतं (कोण विचारतंय)
तर म्हणलो असतो, सातही उभे असताना
घेऊ द्या की बोनस, एक गुण गेला तर गेला.
पाहुणा चपला काढून आत येऊ दे,
टेकू दे,
मग कडी लावा.

फायनलला निलंग्याचा संघ.
हॅलोजनभोवती किडे, किल्ल्याकडून गार वारा.
आम्ही सव्वीस, ते पंचवीस,
आमचे तिघेच मैदानात,
शेवटची चढाई, तीही तिसरी,
रिकाम्या हातानं परतायची सोय नाही.
शिवलिंग बिराजदार आला,
जात्याच्या पाळूसारख्या मांड्या.
डावीकडं दाखवलं, उजवीकडं वळला
आणि अफरोजनं घोटा धरला.
सुमेध गेला. मग गेला.
कंबर भरली.
मी बाकावर चढलो होतो, गळ्याच्या शिरा ताणून,
धर रे, धर, सोडू नको, धर!

आणि कंबर सुटली.

सुटली नाही, त्यानं सोडली.
हात वर करून पंचाकडं बघत उभा राहिला,
आणि त्या गड्यानं अफरोजला फरफटत नेत
मध्यरेषेवर दोन बोटं टेकवली.
सव्वीस, सत्तावीस.

कुणी माती फेकली.
कुणी त्याची वस्ती काढली.
मी काहीच बोललो नाही,
फक्त आडवी रेघ मारली
आणि दोनदा गिरवली.

दुसऱ्या दिवशी अकराला तो दुकानात.
पोलीस भरतीचे कागद,
खेळाच्या प्रमाणपत्राच्या तीन प्रती.
मशीन तापेपर्यंत मी माझा कागद पुढं सरकवला.
अकरा उभ्या, नऊ टिंबं, एक आडवी.
त्यानं टिंबं बोटानं मोजली, हसला,
मग आडवीवर बोट ठेवलं.
काका, तेचा दम तुटला होता.
माझ्या कानाजवळच तोंड होतं तेचं.
कबड्डी कबड्डी कब... आन् गप.
श्वास घेतला की हो तेनं आत.
मला वाटलं, शिट्टी वाजतीच आता.
पण वरडाच एवढा होता,
पंचाला काय ऐकू येतंय.

वरडा.

हिरवा उजेड काचेखालून गेला, परत आला.
तिसरी प्रत तिरकी निघाली.
ती मी ठेवून घेतली, दुसरी काढून दिली.
त्यानं सहा रुपये दिले, मी घेतले.

दुपारी तिरक्या प्रतीच्या पाठीवर
कालचा सामना पुन्हा मांडला.
सात नावं, एकाखाली एक.
सुमेधपुढं अकरा उभ्या, दहा टिंबं.
आडवी रेघ उरली.
ती आठव्या ओळीत मारली,
तिथं नाव लिहिलेलं नव्हतं.
लिहावं म्हणून पेन टेकवला
तेवढ्यात एक पोरगी आली,
आधार कार्ड घेऊन.
काका, दोन्ही बाजू काढा.